कराची ते जुहू : सात तास पंधरा मिनिटे

घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्या दप्तरातला नकाशासंग्रह आज जरा मागून घ्यावा. पट्टीचे एक टोक मुंबईवर ठेवावे, दुसरे कराचीवर. प्रमाणाने हिशेब केला तर अंतर भरते सुमारे ८७५ किलोमीटर. आता तीच पट्टी मुंबईवरून दिल्लीकडे फिरवावी. आकडा साडेअकराशेच्या घरात जातो. म्हणजे कराची आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ आहे. मोजून पाहिल्याशिवाय हे सहसा कोणाला पटत नाही, कारण आपल्या मनातला नकाशा किलोमीटरवर काढलेला नसतोच.

आजच्या जेट विमानाला ८७५ किलोमीटर म्हणजे फार तर दीड तासाचे काम. चहा देऊन कप गोळा करेपर्यंत उतरायची सूचना व्हावी. पण दोन विमानतळांमधले अंतर आणि त्यांच्यामधला प्रवासाचा वेळ या दोन गोष्टींचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. अंतर पृथ्वीने एकदा ठरवून टाकले आहे. वेळ मात्र माणसे ठरवतात. कधी इंजिन बांधणारी, कधी पेट्रोल आणून देणारी, तर कधी दूर कचेरीत बसून परवानगी देणारी किंवा नाकारणारी. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपणा सर्वांचे जेआरडी, यांच्या आयुष्यातला एक मोठा धागा याच दोन विमानतळांमध्ये ताणलेला आहे. उद्योगपती म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. आज त्यांच्याकडे या एका रेघेवरून पाहायचे आहे.

कराची तेव्हा परदेश नव्हते. १९३६ च्या एप्रिलपर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. पुण्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाची सरकारी नोकरीत कराचीला बदली होणे यात नवल नव्हते. कराचीत सरकारी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ होते आणि त्यांच्या नावाची शाळा त्या शहरात आजही उभी आहे. जुन्या मराठी घरांतून एखादी आत्या, एखादे मामा कराचीवाले म्हणून ओळखले जात. जायचे तर बोटीने, नाहीतर आगगाडीने. आणि आगगाडी म्हणजे अहमदाबादेहून मारवाड आणि थरचे वाळवंट ओलांडून सिंध हैदराबादला जाणारा लांबलचक वळसा. एकाच इलाख्यातली दोन बंदरे, पण एकमेकींपासून अशी दूर.

या इलाख्याच्या राजधानीत जेआरडी आले ते पाहुण्यासारखेच. जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४ चा. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले. आई सुझान ही फ्रेंच. बालपण पॅरिस, मुंबई आणि काही काळ जपान असे विखुरलेले. मात्र उन्हाळ्याची सुट्टी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्देलो नावाच्या गावी. त्याच किनाऱ्यावर लुई ब्लेरिओचे घर होते. हा ब्लेरिओ म्हणजे १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. कॅले ते डोव्हर हे अंतर त्याने सुमारे ३७ मिनिटांत कापले होते आणि त्या ३७ मिनिटांनी इंग्लंडचे बेटपण संपले असे तेव्हा लोकांना वाटले होते. त्याचा वैमानिक पेगू कधीमधी वाळूवरच विमान उतरवी. पोरे धावत जात. त्या पोरांत हा मुलगाही असे. पंधराव्या वर्षी त्याला त्याच किनाऱ्यावर विमानातून एक फेरफटका मिळाला आणि पुढचे सारे तिथेच ठरले.

ठरले खरे, पण घडायला दहा वर्षे लागली. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक असल्यामुळे सक्तीची लष्करी चाकरी करावी लागली. केंब्रिजला शिकायला जायचे मनात होते, ते राहून गेले. वडिलांनी १९२५ मध्ये मुंबईला बोलावून घेतले आणि बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांच्या कचेरीत बसवले. पुढच्याच वर्षी वडीलही वारले. बाविसाव्या वर्षी चार भावंडांची आणि डोक्यावरच्या कर्जाची जबाबदारी येऊन पडली. केंब्रिजची हुरहुर त्यांना जन्मभर राहिली, असे त्यांच्या जवळची माणसे सांगत.

१९२८-२९ च्या सुमारास जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जेआरडी तिथे पहिल्या काही शिकाऊ लोकांत होते. जेमतेम पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर त्यांनी एकट्याने विमान उडवले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा परवाना हाती पडला. त्यावर क्रमांक होता १. नंतर मिळालेल्या कुठल्याही पदवीपेक्षा त्यांना या चिमुकल्या निळ्या-सोनेरी पुस्तिकेचे अप्रूप अधिक होते. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

वेगाचा शौक जमिनीवरही होता. त्यांची बुगाटी मोटार मुंबईच्या रस्त्यांवर प्रसिद्ध होती, पोलिसांत जरा जास्तच. अशाच एका प्रकरणातून सुटण्यासाठी ते एका नामांकित फौजदारी वकिलाकडे गेले आणि तिथे वकिलसाहेबांची पुतणी थेल्मा विकाजी हिची गाठ पडली. १९३० च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. तेव्हा बुगाटीलाही धन्यवाद द्यायला हवेत!

त्याच १९३० सालातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भारत आणि इंग्लंड यांमधले अंतर एकट्याने विमान चालवत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. तिघे जण उतरले. मनमोहन सिंग आणि अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून इकडे निघाले. जेआरडी उलट दिशेने. ३ मे १९३० रोजी त्यांनी आपले जिप्सी मॉथ विमान कराचीहून उडवले. रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारा किनारा एवढ्यावर सारी भिस्त. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या तळावर ते उतरले, तर तिथे अ‍ॅस्पी अडकून बसलेला. स्पार्क प्लग नाहीत, म्हणून विमान जागचे हलत नाही. अ‍ॅस्पी अवघा सतरा वर्षांचा, कराचीतच वाढलेला पोरगा. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. तो पूर्वेकडे उडाला, हे पश्चिमेकडे.

अ‍ॅस्पी कराचीला पोहोचला तेव्हा जेआरडी अजून लंडनला टेकायचे होते. मनमोहन सिंगांना नियमातली मुदत साधली नाही, आणि बक्षीस अ‍ॅस्पीला मिळाले. शर्यत वेळेची होती आणि प्रतिस्पर्ध्याला वेळ पुरवला होता तो स्वतः जेआरडींनीच. याचे त्यांना कधी वाईट वाटल्याचे ऐकिवात नाही. अ‍ॅस्पी इंजिनियर पुढे हवाई दलात शिरले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. अबुकीरच्या त्या दुपारी प्लग मिळाले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र मनात येतोच.

आता मूळ रेघेकडे येऊ. १९२९ च्या मार्चअखेर इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी हवाई टपाल सुरू केली. विलायतेची पत्रे आठवडाभरात कराचीला येऊन पडू लागली, आणि तिथून पुढे मुंबई-मद्रासला मात्र आगगाडीने रखडत जाऊ लागली. हजारो किलोमीटर हवेतून आलेल्या पत्राचा वेग शेवटच्या टप्प्यात जमिनीवर वाया जाई. ही विसंगती प्रथम टिपली ती नेव्हिल विन्सेंट या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या वैमानिकाने. हा गडी ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडून विमाने उडवत हिंदुस्थानात आलेला. कराचीची टपाल अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासला विमानाने न्यायची, अशी योजना त्याने आखली आणि टाटांपुढे ठेवली. जेआरडींना ती आवडली यात नवल नव्हते. अवघड होते ते सर दोराबजी टाटांना पटवणे. जेआरडींचे गुरू जॉन पीटरसन यांनी शब्द टाकला, आणि दोन लाख रुपयांच्या भांडवलाला दोराबजींनी जरा नाखुशीनेच होकार दिला.

पुढची तीन वर्षे सरकारी कागदांच्या भेंडोळ्यात गेली. सरकारला अनुदान द्यायचे नव्हते. अखेर टाटांनी अनुदानाशिवाय, नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा १९३२ च्या एप्रिलमध्ये करार झाला. दोराबजींना पहिले उड्डाण पाहायला मिळाले नाही. जूनमध्ये ते परदेशी वारले. कंपनीची मालमत्ता म्हणजे एकाच इंजिनाची दोन पुस मॉथ विमाने आणि जुहूला माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. माणसे म्हणाल तर विन्सेंट, जेआरडी, होमी भरुचा आणि थोडे मेकॅनिक.

१५ ऑक्टोबर १९३२, शनिवार. कराचीबाहेरच्या ड्रिग रोडवर सकाळ होत होती. तिथे तेव्हा एक अगडबंब काळी शेड उभी होती. विलायतेहून येणाऱ्या प्रचंड आकाशनौकेसाठी, आर १०१ साठी, इंग्रज सरकारने ती बांधून ठेवली होती. ती आकाशनौका दोन वर्षांपूर्वी हिंदुस्थानकडे निघाली आणि पहिल्याच रात्री फ्रान्समध्ये जळून खाक झाली. शेड रिकामीच राहिली. साम्राज्याने केवढा थाट मांडला होता, आणि प्रत्यक्षात निघाले काय? एक पुस मॉथ, सुमारे १२० अश्वशक्तीचे, ज्यात वैमानिकामागे फार तर दोघे जण अंग चोरून बसू शकतील.

सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी विमान उचलले. पांढरी विजार, अर्ध्या बाह्यांचा सदरा, डोळ्यांवर गॉगल, हिशेबासाठी जवळ एक गणकपट्टी. टपाल किती? सुमारे २५ किलो. आपल्या वाण्याकडून महिन्याचा तांदूळ येतो तेवढी. पायलटला खालून मार्ग सांगणारे कोणी नव्हते, हवामानाचा अंदाज कळवणारे वायरलेस नव्हते. आकाश स्वच्छ होते हेच नशीब.

नकाशावरची सरळ रेघ कच्छच्या आखातावरून सौराष्ट्रात शिरते आणि तिथून पुन्हा समुद्रावरून मुंबईला येते. तो ८७५ किलोमीटरचा जवळचा मार्ग पुस मॉथच्या कामाचा नव्हता. एवढे पेट्रोल टाकीत मावत नव्हते, आणि एका इंजिनाच्या विमानाने लांबलचक समुद्रावर जाणे शहाणपणाचे नव्हते. शिवाय अहमदाबादचीही टपाल होती. म्हणून मार्ग वाकला. कराचीहून कच्छच्या रणाच्या बाजूने अहमदाबाद, सुमारे ५९० किलोमीटर. आणि अहमदाबादहून सरळ दक्षिणेला मुंबई, सुमारे ४४५. एकूण १०३५ किलोमीटर झाले. पेट्रोलसाठी घातलेला हा वळसा १६० किलोमीटरचा होता.

अहमदाबादला जे घडले ते या कथेतले सर्वांत गोड पान आहे. विमान उतरले, टपाल दिली-घेतली, आणि पेट्रोल आले ते बैलगाडीतून. बर्मा शेल कंपनीचे चार-चार गॅलनचे डबे बैलांनी ओढत आणले आणि ते हाताने टाकीत ओतले गेले. देशाची पहिली विमान कंपनी आपल्या पहिल्या उड्डाणात बैलांच्या चालीवर थांबली होती. हिशेब करून पाहा. पुस मॉथचा वेग ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. १०३५ किलोमीटरला हवेत साधारण साडेसहा तास. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या चिखलमैदानावर चाके टेकली, म्हणजे एकूण लागले सात तास पंधरा मिनिटे. फरक उरतो पाऊण तासाचा. तो बैलांचा आणि डब्यांचा.

जुहूला विन्सेंट दुसरे विमान घेऊन तयारच होता. पिशव्या उचलल्या आणि तो बेल्लारीकडे निघाला. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास. वर्तमानपत्रांत या घटनेची फार मोठी जाहिरात झाली असे नाही. २५ किलो पत्रांची ती काय मातब्बरी!

पण पत्रे येत राहिली, वेळेवर. खरा पराक्रम पहिल्या दिवसापेक्षा पुढच्या तीनशे दिवसांचा होता असे मला वाटते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा आणि तिथून उड्डाणे करायची. पश्चिम घाटावरचे ढग, समोरचे काही न दाखवणारा पाऊस, आणि हातात एकच इंजिन. तरी १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या चिमुकल्या कंपनीने १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले, १५५ उतारू नेले आणि पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल वाहिली. वक्तशीरपणा तर असा, की सरकारच्या विमान खात्याने त्याची लेखी वाखाणणी केली. ज्या सरकारने अनुदान नाकारले, तेच इतरांनी या कंपनीचा कित्ता गिरवावा असे सुचवू लागले.

१९३८ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. पोलाद, मोटारी, रसायने, टाटा मेमोरियल रुग्णालय, होमी भाभांची संशोधन संस्था, कुटुंबनियोजनाचा त्यांनी धरलेला आग्रह... तो सगळा पसारा वेगळ्या लेखाचा. विमाने मात्र त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवली नाहीत. विन्सेंटची साथ फार टिकली नाही. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली तो विमानप्रवासातच नाहीसा झाला. जिवाभावाचा सोबती गेला आणि त्या मूळ जोडीतले जेआरडी एकटे उरले.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली. ८ जून १९४८ च्या रात्री मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले; कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत. स्वतंत्र देशाचे पहिले विलायती उड्डाण. जेआरडी विमानात होते आणि त्यांचे लक्ष घड्याळाकडे होते. परक्या कंपन्यांच्या पंक्तीत बसायचे तर पैशाने आपण पुरे पडणार नाही, पण वेळ पाळणे आपल्या हातात आहे, हे त्यांचे गणित होते. विमान लंडनला वेळेवर उतरले तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वेळापत्रकात जी प्रवासाची वेळ छापलेली असते ती विमान हवेत असण्याची नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढण्याची मिनिटे, समोरून किंवा मागून येणारा वारा, उतरण्यापूर्वी मारायला लागलेल्या घिरट्या. म्हणूनच मुंबईहून लंडनला जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून वाहतो, तो जाताना अडवतो आणि येताना ढकलतो. अंतर तेच, वेळ दोन. चांगली कंपनी हे सगळे धरून वेळ छापते आणि छापलेली वेळ पाळते. जिनिव्हातला एक किस्सा जुने लोक आवडीने सांगत. एकाने वेळ विचारली तेव्हा दुसऱ्याने घड्याळ न पाहता खिडकीबाहेर पाहिले आणि अकरा वाजल्याचे सांगून टाकले, कारण एअर-इंडियाचे विमान नुकतेच उतरत होते. किस्सा थोडा फुगवलेला असेल, पण असा किस्सा ज्या कंपनीवर रचावासा वाटतो तिची काहीतरी पुण्याई असणारच.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना ते जिव्हारी लागले. आपल्याशी आधी नीट बोलणेही झाले नाही याचे दुःख अधिक. तरी नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि पुढची पंचवीस वर्षे पगार न घेता सांभाळले. प्रवासात ते पडद्यांचा रंग, चहा-कॉफीची चव, आसने किती मागे झुकतात, एवढेच काय, स्वच्छतागृहातला कागद संपला आहे का हेसुद्धा पाहात आणि मुंबईला आले की लांबलचक टिपणे पाठवत. हाताखालच्यांना ही टिपणे नकोशी होत असणार! १९६० मध्ये बोइंग ७०७ आली आणि तासांचा हिशेबच बदलला. १९६२ मध्ये सगळा ताफा जेटचा झाला. कॉन्स्टेलेशनने दिवस-रात्र घेतलेला लंडनचा प्रवास झोपेच्या एका रात्रीत बसू लागला.

मग आला १९७८ चा फेब्रुवारी. महिन्यापूर्वीच, १ जानेवारीला, सम्राट अशोक हे जंबो जेट मुंबईच्या समुद्रात कोसळले होते आणि २१३ जण प्राणास मुकले होते. मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. अधिकृत पत्र हाती येण्याआधीच, ते जमशेदपूरला असताना, ही बातमी त्यांना दुसऱ्याकडून कळली. त्यांच्या जागी आलेले माजी हवाई दलप्रमुख पी. सी. लाल हे टाटांच्याच उद्योगातले गृहस्थ. त्यांनाही अवघडल्यासारखे झाले. माणूस बदलणे हा सरकारचा अधिकार मानला तरी शेहेचाळीस वर्षांच्या नात्याला निरोप द्यायची ही रीत नव्हती. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर पुन्हा घेतले, पण अध्यक्ष म्हणून नव्हे.

या अपमानाला त्यांनी दिलेले उत्तर, उत्तर म्हणायचेच झाले तर, १५ ऑक्टोबर १९८२ चे. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली होती. तिसाव्या वर्षी, १९६२ मध्येही त्यांनी त्या उड्डाणाची पुनरावृत्ती केली होती, पण तेव्हा वय अठ्ठावन्न होते. आता अठ्ठ्याहत्तर. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मान हलवली असेल तर नवल नाही. जुन्या काळचे एक लेपर्ड मॉथ विमान शोधून, डागडुजी करून सज्ज केले गेले. पुस मॉथचेच ते धाकटे भावंड, तसेच एका इंजिनाचे, लाकडी सांगाड्याचे आणि कापडी अंगाचे.

मधल्या काळात कराची परदेश झाली होती. त्या रेघेवर दोन युद्धे होऊन गेली होती. १९७१ च्या फेब्रुवारीत एका विमान अपहरणानंतर दोन्ही देशांतली हवाई ये-जा थांबली, ती १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे पाच वर्षे या ८७५ किलोमीटरला वेळच नव्हती. वेळापत्रकातली ती ओळच पुसली गेली होती. १९८२ मध्ये मात्र परवानगी मिळाली. कराचीत त्यांचे आपुलकीने स्वागत झाले, आणि हा म्हातारा पुन्हा एकदा टपालाची पिशवी घेऊन सकाळी उडाला. पुन्हा अहमदाबाद, पुन्हा दक्षिणेकडे वळण. दीड तासात कापता येणारे अंतर त्यांनी मुद्दाम जुन्या चालीने कापले. त्या दिवसांत देशातल्या तरुणांचा हुरूप ओसरल्यासारखे त्यांना वाटत होते. तो थोडा परतावा म्हणून हा खटाटोप, असे त्यांनी सांगितले. जुहूला गर्दी लोटली होती. विमान हलकेच टेकले, आणि पन्नास वर्षांपूर्वी जिथे चिखल होता तिथल्या डांबरावरून धावत जाऊन थांबले.

१९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात, ज्या शहरात त्यांच्या विमानांवरून घड्याळे लावल्याची गोष्ट सांगितली जाई तिथेच, त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ते विसावले आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला ते नव्हते.

जुहूचा विमानतळ अजून आहे, पण तिथे आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात. कराची आणि मुंबई यांच्यात थेट विमान नाही. २०२५ च्या एप्रिलअखेर तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. कराचीहून मुंबईला यायचे, आणि हाती व्हिसाही आहे, असे धरले तर उलट दिशेने दुबईसारखे एखादे आखाती शहर गाठायचे आणि तिथून मुंबई. दुबईमार्गे हे अंतर होते तीन हजार किलोमीटरच्या वर. दोन्ही उड्डाणे मिळून पाच तास आणि मध्ये विमान बदलायला दोन-तीन तास धरले, तर घड्याळात भरतात सात ते आठ तास.